लेन्स माउंटवर हलते आणि एरर परत परत येतो: आधी प्ले कुठे आहे ते शोधा

लक्षणं साधारण अशी असतात. लेन्स लावली, खट् आवाज आला, फोटो निघायला लागले. थोड्या वेळाने स्क्रीनवर एरर. कॅननवर बहुधा एरर ०१ येतो आणि लेन्सचे कॉन्टॅक्ट, म्हणजे बॉडीशी विजेचा जोड करणारे मागचे सोनेरी ठिपके, साफ करा असं सांगितलं जातं. निकॉनवर अ‍ॅपर्चरच्या आकड्याच्या जागी ‘एफ’ आणि पुढे दोन आडव्या रेघा दिसतात. सोनीवर लेन्स ओळखता येत नाही, नीट लावा, अशा अर्थाचा संदेश येतो. मग आपण लेन्स काढतो, कॉन्टॅक्ट पुसतो, परत लावतो. सगळं सुरळीत चालतं. चार दिवसांनी पुन्हा तेच.

हे चक्र ज्यांच्याकडे सुरू आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. पुसून बरा होणारा आणि वारंवार उलटणारा हा त्रास पुष्कळदा मळाचा नसतोच. लेन्स माउंटवर, म्हणजे बॉडीवरच्या तिच्या बैठकीच्या रिंगेवर, जशी टेकून बसायला हवी तशी बसलेली नसते. पुसायच्या निमित्ताने आपण ती काढून नव्याने बसवतो, कॉन्टॅक्टच्या पिना पुन्हा समोरासमोर येतात आणि आपल्याला वाटतं पुसल्यामुळे झालं. म्हणून कापड हातात घेण्याआधी प्ले, म्हणजे सांध्यातला सैलपणा, कुठे आहे ते शोधायचं.

थोडं माउंटबद्दल, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. बहुतेक बायोनेट, म्हणजे लेन्स आत घालून फिरवून बसवायच्या, माउंटमध्ये लेन्सच्या मागच्या रिंगेला तीन किंवा चार कान असतात. ते बॉडीच्या रिंगेतल्या खाचांतून आत जातात आणि लेन्स फिरवली की रिंगेच्या मागे अडकतात. बॉडीच्या रिंगेमागे पातळ पट्टीच्या स्प्रिंगा असतात. त्या या कानांना आतल्या बाजूला ओढून धरतात, त्यामुळे लेन्सची रिंग बॉडीच्या रिंगेला चिकटून राहते. तिसरी गोष्ट म्हणजे लॉकची पिन. ती लेन्सच्या खाचेत शिरते तेव्हा खट् आवाज येतो. पिनेचं काम फक्त लेन्स उलटी फिरू न देणं एवढंच आहे. लेन्स बॉडीला घट्ट धरून ठेवायचं काम स्प्रिंगांचं आहे. यावरून दोन वेगळे प्ले निघतात. लेन्स घड्याळाच्या काट्यासारखी किंचित इकडेतिकडे फिरते तो एक. पिन आणि खाच यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते, त्यामुळे हा प्ले जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात असतो, नव्यातसुद्धा. त्याची काळजी करू नका. दुसरा प्ले म्हणजे लेन्स वर-खाली झुकते किंवा बॉडीपासून पुढे-मागे होते. हा मात्र असता कामा नये.

ही फट किती महाग पडते, ते आकड्यात बघा. फुल फ्रेमसाठी, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरसाठी, ठिपका ०.०३ मिमीपर्यंत पसरला तरी स्पष्टच दिसतो हा नेहमीचा निकष धरला, तर एफ/२ ला सेन्सरच्या बाजूला फोकसची सूट पुढे-मागे मिळून ०.१२ मिमी येते. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. म्हणजे रिंगेच्या एका बाजूला कागदाएवढी फट पडली तरी फोटोची ती बाजू मऊ, म्हणजे धूसर, दिसायला लागते. आजच्या जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तर त्याहून कमी फटीतही फरक दिसतो.

बोटाची चाचणी

कॅमेरा बंद करा. मांडीवर किंवा टेबलावर मऊ कापड घालून त्यावर ठेवा. डाव्या हाताच्या अंगठ्याचं टोक बरोबर सांध्यावर ठेवा, अर्धं बॉडीवर, अर्धं लेन्सच्या न हलणाऱ्या मागच्या भागावर. उजव्या हाताने लेन्स तिच्या बुडाशी धरा आणि हलकेच वर-खाली करा. सांध्यावर फट उघडत-मिटत असेल तर अंगठ्याच्या कातडीला ते लगेच कळतं. डोळ्यांपेक्षा बोट इथे जास्त खरं सांगतं.

लेन्स पुढच्या टोकाला धरून हलवू नका. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट झूमची पुढची नळी बाहेर आली की ती हलतेच, तिची रचनाच तशी असते. ‘लेन्स हलते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येकांचा माउंट ठणठणीत असतो आणि हलत असते ती ही नळी. त्याचा एररशी संबंध नसतो.

सांधा हलतोय हे नक्की झालं की अदलाबदल करून बघा. तीच लेन्स दुसऱ्या बॉडीवर, आणि त्याच बॉडीवर दुसरी लेन्स. लेन्स जाईल तिथे प्ले गेला तर दोष लेन्सच्या मागच्या रिंगेत. सगळ्याच लेन्स हलत असतील तर बॉडीच्या स्प्रिंगा किंवा बॉडीच्या रिंगेचे स्क्रू. एकच जोडी हलते आणि बाकी सगळं ठीक, असंही होतं. तेव्हा दोन्हीकडे थोडी थोडी झीज असते आणि ती नेमकी एकत्र आलेली असते. दुसरी बॉडी नसेल तर मित्राकडची मागा, दुकानात जाऊन लावून बघा, पण ही पायरी गाळू नका.

पुढच्या वेळी एरर आला की लेन्स लगेच काढायची नाही. आहे तशी ठेवून खालून हाताचा आधार द्या, किंचित वर उचला, कॅमेरा बंद करून परत चालू करा. आधार दिल्यावर चालतं आणि सोडल्यावर परत एरर येतो, तर प्ले हेच कारण. आधाराने काही फरक पडत नसेल तर खरंच मळ असू शकतो, किंवा लेन्सच्या आतली फ्लेक्स केबल, म्हणजे वाकणारी चपटी पट्टी.

फ्लेक्सची ओळख सोपी आहे. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, म्हणजे एफ/३.५ किंवा लेन्सला जो सगळ्यात लहान आकडा असेल तो लावून फोटो काढा. एरर येत नाही. आता एफ/८ वर काढा. लगेच एरर येतो. असं असेल तर माउंटला हात लावू नका, डायफ्रॅमकडे, म्हणजे प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या पात्यांकडे, जाणारी पट्टी तुटत आलेली आहे. झूमच्या ठरावीक टप्प्यावरच एरर येत असेल तरी तोच संशय घ्या, कारण झूम करताना ही पट्टी दर वेळी वाकते.

लेन्सच्या मागचे स्क्रू

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हेच. लेन्स उलटी करून मागची रिंग बघा. तिच्यावर तीन किंवा चार स्क्रू दिसतील. खिडकीच्या उजेडात लेन्स तिरपी धरा आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून नख फिरवा. डोकं रिंगेच्या पातळीत किंवा जरा खाली असायला हवं. नख अडलं तर तो स्क्रू वर आलाय. आमच्या भटकंतीच्या गटातल्या एकीच्या १८-५५ ला असाच एक स्क्रू वर आला होता, केसभरच. तिने दोन वेळा कॉन्टॅक्ट साफ करून घेतले होते. बॉडीची रिंग बघितली तर तिच्यावर एक चमकदार ओरखडा, बरोबर कमानीसारखा, लेन्स फिरवताना स्क्रूचं डोकं जिथून घासत जायचं तिथे. म्हणजे तो स्क्रू लेन्सला एका बाजूने उचलून धरत होता आणि दुसऱ्या टोकाच्या पिना अर्धवट टेकत होत्या. स्क्रू बसवल्यापासून एरर नाही.

हे स्क्रू ढिले होतात ते धक्क्यांनी. बाइकच्या डिकीत, जीपच्या सीटवर, एसटीच्या रॅकवर पडलेली बॅग तासन्‌तास थरथरत असते. कॅमेरा वापरला नाही म्हणजे त्याला धक्का बसला नाही, असं नसतं.

आवळताना पेचकस कुठला घेता यावर सगळं आहे. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू वरून चौकडीचे दिसतात, पण ते जपानी मापाचे, जेआयएस असतात. आपल्याकडचा नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यात पूर्ण खाली टेकत नाही, जोर दिला की वर निसटतो आणि डोकं खाऊन टाकतो. एकदा डोकं गोल झालं की तो स्क्रू काढायला ड्रिल लागतं. मोबाइल दुरुस्तीचं सामान मिळतं तिथे आणि ऑनलाइनही जेआयएसचे छोटे पेचकस मिळतात. योग्य मापाचा पेचकस स्क्रूत उभा केला की हात सोडल्यावरही डुगडुगत नाही. ही खूण मिळाल्याशिवाय जोर लावायचा नाही.

आवळायचे ते चारचाकीच्या चाकाचे नट आवळतात तसे, समोरासमोरचे, थोडे थोडे. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलं तर रिंग तिरकी बसते. प्लॅस्टिकच्या बुडाच्या लेन्समध्ये आणखी एक काळजी घ्या. तिथे स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्ये आटे पाडून बसवलेले असतात. स्क्रू आधी हलक्या हाताने उलटा फिरवा. एका जागी तो टुक्कन खाली उतरल्यासारखा वाटेल, म्हणजे जुन्या आट्यात आला. तिथून सरळ फिरवा. असं न करता सरळ घुसवला तर तो नवे आटे पाडतो, आणि दोन-तीन वेळा असं झालं की स्क्रू नुसताच फिरत राहतो.

स्क्रू परत ढिला होऊ नये म्हणून थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारं रसायन, लावावं का, असं बरेच जण विचारतात. धातूत जाणाऱ्या स्क्रूला जांभळं, कमी ताकदीचं, टाचणीच्या टोकावर येईल एवढंच. निळं नको, इतक्या बारीक स्क्रूला ते जड जातं आणि पुढच्या वेळी डोकं जातं. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला कुठलंच नको. या रसायनाने काही प्लॅस्टिकला तडे जातात आणि ते लगेच दिसतही नाहीत. कॉन्टॅक्टच्या काळ्या ठोकळ्याला धरून ठेवणारे दोन बारीक स्क्रू वेगळे असतात. ते वर आलेले नसतील तर त्यांना हात लावू नका.

एवढं करून रिंग घट्ट झाली आणि तरी लेन्स हलते, तर कान तपासा. प्लॅस्टिकच्या माउंटचा कान पडझडीत तुटतो किंवा मुळाशी चिरतो. चीर दिसत नसेल तर मोबाइलचा टॉर्च तिरका पाडून बघा. १८-५५ सारख्या किट लेन्सना आणि कॅननच्या जुन्या ५० मिमी एफ/१.८ दुसऱ्या आवृत्तीला प्लॅस्टिकचा माउंट होता. २०१५ मध्ये आलेल्या एसटीएम आवृत्तीत तो धातूचा केला. तुटलेला कान फेविक्विकने चिकटवू नका. कानावर सगळ्या लेन्सचं वजन येतं, जोड सुटला की लेन्स खाली, आणि फेविक्विकची वाफ मागच्या काचेवर पांढरा थर धरते. किट लेन्सची मागची रिंग वेगळी मिळते आणि ती फार महाग नसते. बदलून घ्या.

रिंग उघडायची वेळ आलीच तर खाली पितळेच्या किंवा प्लॅस्टिकच्या अतिपातळ चकत्या असू शकतात. फॅक्टरीत त्या लेन्सचं अंतर जुळवण्यासाठी त्या मोजून घातलेल्या असतात. किती होत्या, कुठल्या स्क्रूखाली होत्या, याचा फोटो काढल्याशिवाय त्या उचलू नका. एक चकती हरवली की लेन्सचं जुळवलेलं अंतर बिघडतं.

बॉडीच्या स्प्रिंगा

सगळ्या लेन्स हलत असतील तर आधी बॉडीच्या रिंगेवरचे स्क्रू वरच्याच पद्धतीने तपासा. ते घट्ट असतील तर मागच्या स्प्रिंगा दबल्यात. जड लेन्स लावून कॅमेरा गळ्यात बॉडीच्या पट्ट्याने लटकवणाऱ्यांच्या बाबतीत हे होतं. भिगवणला पहाटे नावेत बसून रोहित पक्षी टिपणारे बघा. १५०-६०० सारखी लेन्स दोन किलोच्या आसपास असते, नाव हलते, आणि तो सगळा भार माउंटच्या कानांवर आणि स्प्रिंगांवर येतो. अशा लेन्सला ट्रायपॉड कॉलर, म्हणजे ट्रायपॉडला जोडायची कडी, दिलेलीच असते. पट्टा कॉलरला अडकवा, उचलताना लेन्सला धरून उचला, बॉडी मागे आपोआप येते.

स्प्रिंगा बदलणं घरी करायचं काम नाही. बॉडीची रिंग काढली की सेन्सरपासूनचं अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत परत जुळवावं लागतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्या किंवा जाणत्या मेकॅनिककडे जा. पण ‘कॅमेरा एरर दाखवतो’ एवढंच सांगून देऊ नका, नाहीतर कॉन्टॅक्ट पुसून परत मिळेल. ‘माउंटला उभा प्ले आहे, स्प्रिंगा बघा, आणि जोडल्यावर अंतर तपासून द्या’ असं स्पष्ट सांगा आणि पावतीवर लिहून घ्या. बॉडी, आणि हलणाऱ्यांपैकी किमान एक लेन्स, दोन्ही द्या.

अडॅप्टर असेल तर

जुन्या मॅन्युअल लेन्स अडॅप्टरची मधली रिंग घालून मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, लावणाऱ्यांना हा त्रास दुप्पट, कारण सांधे दोन. बोटाची चाचणी दोन्ही सांध्यांवर वेगवेगळी करा. आधी अडॅप्टर नुसता बॉडीवर लावून बघा, मग लेन्स नुसती अडॅप्टरवर.

स्वस्त अडॅप्टरच्या कानांना पुष्कळदा लांबीत एक बारीक चीर दिलेली असते. पातळ पात्याचा पेचकस त्या चिरेत घालून किंचित, अगदी किंचित फाकवला की कान जाड होतो आणि लेन्स घट्ट बसते. प्रत्येक कानाला सारखंच करायचं आणि दर वेळी लावून बघायचं. अॅल्युमिनियमच्या अडॅप्टरचा हा उपाय काही महिने चालतो, मग तो झिजतो. रोज वापरायचा असेल तर पितळी किंवा स्टीलच्या माउंटचा अडॅप्टर घ्या.

लेन्स घट्ट बसते, पण फोकस चुकतो, असं असेल तर अडॅप्टरची जाडी तपासायची. ती कितीची हवी हे साध्या वजाबाकीने निघतं. निकॉन एफ माउंटचं सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी, सोनी ई चं १८. म्हणजे अडॅप्टर २८.५ मिमी हवा. कॅनन ईएफ ४४ मिमी, म्हणून त्याचा २६ चा. आट्यांच्या एम४२ लेन्सना ४५.४६ मिमी लागतात, म्हणून त्या कॅनन ईएफवर दीड मिमीपेक्षा किंचित पातळ रिंगेने बसतात. निकॉन एफवर मात्र अंतर आधीच जास्त आहे, तिथे काच नसलेल्या रिंगेने दूरचं काहीच फोकस होणार नाही. ते अडॅप्टरच्या दर्जाचं नव्हे, गणिताचं आहे, तेव्हा दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. अडॅप्टरवाले अनंत, म्हणजे खूप दूरच्या गोष्टींवरचा फोकस, हमखास मिळावं म्हणून जाडी जरा कमीच ठेवतात. त्यामुळे लेन्सवरच्या अनंताच्या खुणेच्या थोडं आधीच डोंगर स्पष्ट दिसतो. पन्नास मिमीच्या लेन्सला त्याने काही बिघडत नाही.

सैल नाही, उलट बसतच नाही

जोर लावू नका. हे एवढं वाक्य पाळलं तरी निम्मं नुकसान टळेल. कॅननच्या ईएफ-एस, म्हणजे लहान सेन्सरच्या बॉडीसाठीच्या, लेन्सवरचा पांढरा चौकोन फुल फ्रेम बॉडीवरच्या लाल टिंबाशी जुळत नाही, कारण ती लेन्स मागून आत येते आणि आरशाला लागू शकते. फिरवायची दिशाही बघा. समोरून पाहताना कॅनन घड्याळाच्या दिशेने बसते, निकॉन उलट. कंपनी बदललेल्या माणसाचा हात जुन्या सवयीने चालतो.

निकॉनच्या जुन्या लेन्स घेणाऱ्यांनी १९७७ हे साल ध्यानात ठेवावं. त्या वर्षी एआय, म्हणजे लेन्सच्या अॅपर्चरची माहिती बॉडीला आपोआप देणारी, पद्धत आली. त्याआधीच्या, न बदललेल्या लेन्सच्या अ‍ॅपर्चर रिंगेची कड डी७००० सारख्या बॉडीवरच्या छोट्या खिट्टीवर चढते आणि ती मोडते. लेन्स घट्ट जातेय असं वाटून अजून जोर लावला की खिट्टी गेलीच. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीला ती खिट्टीच नाही, तिथे लेन्स बसते. डीएफ बॉडीवर ती उचलून बाजूला करता येते. ओळखायचं कसं? अ‍ॅपर्चरच्या आकड्यांची दुसरी, बारीक ओळ रिंगेवर असेल तर ती एआय लेन्स.

नवी लेन्स जरा कडक बसते, ती मागच्या रबरी सीलमुळे. आठवडाभरात हात बसतो. माउंटला तेल, ग्रीस, गंजाचा स्प्रे यांतलं काहीही लावू नका. ते कॉन्टॅक्टवर पसरतं आणि पुढे डायफ्रॅमच्या पात्यांवर जातं. उलट बाजूने, सैल लेन्सच्या रिंगेवर सेलोटेप किंवा टेफ्लॉन टेपही नको, जाडी सगळीकडे सारखी पडत नाही आणि लेन्स कायमची तिरकी बसते.

लेन्स लावताना रिलीजचं बटण दाबलेलं नसावं. बटण दाबून फिरवली तर पिन वर येत नाही, खट् आवाज येत नाही, आणि लेन्स लागल्यासारखी दिसते एवढंच. बटण न दाबताही आवाज येत नसेल तर पिन आत अडकलीय. नखाने दाबून सोडून बघा, लगेच उडून वर यायला हवी. कोकणात पावसाळा काढलेल्या कॅमेऱ्यांच्या पिनेभोवती खारट चिकटा साचतो. टोकदार काडीला कापूस गुंडाळून, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलावा देऊन, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून तो काढा. कॉन्टॅक्टनाही तेच. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. खोडरबरही नको, ते सोन्याचा मुलामा घासतं आणि भुगा आत पाडतं.

दुरुस्तीनंतरची तपासणी

भिंतीवर वर्तमानपत्राची पानं सपाट चिकटवा, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला अगदी समांतर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, टायमर लावून. मध्यावर फोकस करून एक फोटो. मग फोकसला न हलवता कॅमेरा उलटा करा, डोकं खाली, ट्रायपॉडचा मधला खांब उलटा लावता येत असेल तर उत्तम. त्याच अंतरावरून दुसरा फोटो.

दोन्ही फोटो मोठे करून कोपऱ्यांतली अक्षरं वाचा, पण ती फ्रेमच्या कुठल्या कडेला आहेत ते कॅमेऱ्याच्या हिशोबाने धरा. सरळ धरल्यावर फ्रेमची वरची कड मऊ आणि उलटा धरल्यावर खालची मऊ झाली, तर लेन्स स्वतःच्या वजनाने लोंबतेय, प्ले अजून शिल्लक आहे. दोन्ही वेळा तीच कड मऊ राहिली तर लेन्स हलत नाही, तिरकी बसलीय. मग परत स्क्रूंकडे आणि त्या पातळ चकत्यांकडे जायचं, नाहीतर लेन्सच्या आतल्या काचेकडे. दुसरी लेन्स त्याच बॉडीवर लावून हीच दोन चित्रं काढली की त्यातलं कुठलं, तेही कळतं. मेकॅनिककडे परत जायचं असेल तर ही चारही चित्रं मोबाइलमध्ये घेऊन जा.